गेले पाच, आले पाच

‘ज्यांच्या गाड्या विक्रोळीच्या लोकल गॅरेजमध्ये जातात त्यांनी सावध व्हावे. तेरा वर्षे विश्वास ठेवला, शेवटी इंजिनची वाट लागली. – श्यामकांत पेडणेकर, बी-१९०३.’

जान्हवीने हा मेसेज तिच्या मोबाइलवर मला दाखवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विक्रोळीचं लोकल गॅरेज म्हणजे मी, सहदेव घाडी. कन्नमवार नगरात एकतीस वर्षं माझं गॅरेज आहे. मुलुंडच्या त्या सोसायटीतल्या चौदा गाड्या माझ्या हाताखालून जातात, आणि त्या सगळ्या श्यामकांतच्याच शब्दावर माझ्याकडे आलेल्या. आता त्याच माणसाने माझं नाव मातीत मिळवलं होतं, तेही नाव न घेता. निदान ‘सहदेव घाडी’ असं लिहायची हिंमत तरी दाखवायची!

आणि हा श्यामकांत कोण? एका बाकावर बसून आम्ही शाळा शिकलो. त्याच्या आणि आमच्या खोलीमध्ये एकच भिंत होती. त्याची आई, मालनकाकी, दोन्ही घरांची पोरं एकाच पंगतीला बसवायची आणि कुणाच्या ताटात माशाचा तुकडा मोठा पडला यावर आमची मारामारी झाली की दोघांनाही सारखीच बडवायची. ‘घाडीची गाडी’ हा माझ्या आडनावावरचा विनोद शाळेत पहिल्यांदा त्यानेच केला, आणि गॅरेज काढलं तेव्हा पाटीवर तो स्वतःच्या हाताने रंगवला. ती पाटी अजून तिथेच आहे. पाच वर्षांपूर्वी तो मुलुंडला एकोणिसाव्या मजल्यावर राहायला गेला. तिथून आमचं गॅरेज दिसत नाही, एवढाच काय तो फरक पडला, असं मला वाटत होतं.

जान्हवी ही त्याची मुलगी. पवईला ऑफिसात आहे. मेसेज वाचल्यावर ऑफिसातून घरी न जाता ती थेट माझ्याकडे आली होती.

“काका, मी बाबांना सांगत होते, आधी तुम्हाला विचारू या. ते ऐकतच नाहीत.”

“मला नीट सांग. सुरुवातीपासून.”

तिने सांगितलं ते असं. महिन्यापूर्वी सोसायटीच्या आवारात एका मोठ्या सर्व्हिस सेंटरने फुकट चेकअपचा मंडप घातला होता. श्यामकांतने हौसेने आपली तेरा वर्षांची पांढरी गाडी रांगेत लावली. त्यांनी सांगितलं, इंजिनमध्ये काळा गाळ साठलाय, आतून धुवायला पाहिजे. मग औषध घालून इंजिन धुतलं, नवं ऑइल भरलं. दोन आठवड्यांनी हायवेवर कांजूरच्या पुलावर चढताना जान्हवीला समोर लाल दिवा दिसला. किटलीच्या चित्राचा.

“मी लगेच गाडी बंद केली, काका. तिथल्या तिथे. मागून लोक काय काय बोलले ते सांगत नाही तुम्हाला.”

पोरीला मी मनातल्या मनात शंभर मार्क दिले. गाडी तिला मीच शिकवली. पिवळा दिवा लागला तर घरी जाऊन फोन कर, पण हा लाल दिवा लागला तर गाडी बंद, मग मागे मंत्री असो की डंपर. ते चित्र ऑइलच्या भांड्याचं आहे, पण पेडणेकरांच्या घरात त्याला किटलीच म्हणतात. त्या दिव्याचा अर्थ एकच, इंजिनात ऑइल दाबाने फिरत नाहीये. शरीरात रक्त आहे पण हृदय ढकलत नाही, तसं. अशी गाडी पाच मिनिटं पळवली तरी इंजिन जाम होतं. जान्हवीने एक मिनिटही पळवली नाही.

मग टोइंगने गाडी त्याच सर्व्हिस सेंटरला गेली आणि त्यांनी निकाल दिला. ऑइलचं प्रेशर नाही, आतले बेअरिंग झिजले, लोकल गॅरेजच्या हलक्या ऑइलमुळे आणि निष्काळजी कामामुळे इंजिन संपलं. अख्खं नवं इंजिन बसवा.

निष्काळजी! मी!

माझ्या गॅरेजात कुणी उभं राहून बघितलंय का? इंजिन उघडलं की आत बोल्ट, धूळ, काही पडू नये म्हणून त्यातल्या भोकांमध्ये मी फडक्याचे बोळे कोंबतो. सगळेच मेकॅनिक कोंबतात. पण मी बोळे मोजतो, आणि मोठ्याने मोजतो. “गेले पाच!” आणि बंद करताना, “आले पाच!” समोरचा पानवालासुद्धा माझी नक्कल करतो. ती फडकी पण कुठली? मालनकाकीच्या जुन्या लुगड्यांची. सुती, मऊ, सूत न सोडणारी. पेडणेकर मुलुंडला गेले तरी दर दिवाळीला काकीचं एक गाठोडं माझ्याकडे येतं. त्या घरच्या गाडीला मी निष्काळजीपणे हात लावीन?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या सर्व्हिस सेंटरवर जाऊन धडकलो. श्यामकांतला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, पण माझ्याकडे न बघता काचेच्या दाराकडे बघत उभा राहिला. आत एसी, सोफा, कॉफीचं मशीन. काउंटरवर इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण ॲडव्हायझर होता.

“प्रेशर किती आहे?” मी विचारलं.

“सर, लो आहे.”

“लो म्हणजे किती? एक किलो? अर्धा? मीटर लावला होता ना?”

“सर, आम्ही स्कॅनर लावला होता.”

“या गाडीत स्कॅनरला प्रेशर कळत नाही. साधा स्विच आहे तिथे. दिवा लागला, दिवा विझला, एवढंच त्याला समजतं. स्विच काढून त्या जागी मीटर लावायला लागतो. लावला होता का?”

त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग आत कुणाला तरी विचारून आला. “सर, प्रोसिजरप्रमाणे आम्ही डायरेक्ट इंजिन सजेस्ट करतो. गाडी जुनी आहे ना.”

“म्हणजे मोजलंच नाही! ताप न बघता माणसाला स्मशानात न्यायला निघालात? आणि वर गाडीच्या रिपोर्टवर माझ्या कामाला निष्काळजी लिहिता?”

माझा आवाज चढला होता, हे मला मान्य आहे. सोफ्यावरची दोन माणसं कॉफी घेऊन बाहेर गेली. श्यामकांतने माझा दंड धरला. “सहदेव, तमाशा नको. ही शिकलेली माणसं आहेत.”

शिकलेली माणसं! हे वाक्य मला त्या मेसेजपेक्षा जास्त लागलं. मी त्याचा हात झटकला.

“गाडी माझ्याकडे आण. मी मोजतो. आणि रविवारी दहा वाजता तुझ्या सोसायटीतल्या ज्याला यायचंय त्याला घेऊन ये. सगळ्यांसमोर इंजिन खालून उघडतो. माझी चूक निघाली तर पाटी उतरवतो.”

“आणि त्यांची निघाली तर?”

“तर तू ज्या ग्रुपवर मला बदनाम केलंस, त्याच ग्रुपवर माझं नाव घेऊन माफी माग. पूर्ण नाव. सहदेव बाळकृष्ण घाडी.”

त्याने मान हलवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही चहा न घेता वेगळे झालो.

गाडी शुक्रवारी आली. शनिवारी जान्हवीला सुट्टी होती, ती माझ्यासोबत दिवसभर थांबली. तिला सगळं दाखवून करायचं असं मी ठरवलंच होतं. घरातला एक तरी साक्षीदार माझ्या बाजूने पाहिजे.

आधी ऑइल बघितलं. पातळी बरोबर, ऑइल स्वच्छ. मग खालून बघितलं, गळती नाही. इंजिनच्या बुडाशी ऑइलचं भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. त्याच्या तळाच्या बोल्टला काळं सिलिकॉन थापलेलं दिसलं. नवं, चकचकीत.

“हे बघ! इथे तांब्याचा वायसर, म्हणजे चकती, लागते. दोन मिनिटांचं काम. तो शोधायला नको म्हणून यांनी गोंद फासलाय.”

मग स्विच काढून त्या जागी मी मीटर लावला. इंजिन चालू केलं. काटा साडेतीन किलोवर. झकास! दिवा नाही, आवाज नाही.

“काका, मग बिघडलंय काय?”

“थांब जरा.”

इंजिन गरम होऊ दिलं, मग थोडी रेस दिली. खरं तर रेस दिली की प्रेशर वाढायला पाहिजे. इथे काटा उलटा यायला लागला. अडीच, दीड, एक. अर्ध्यावर आला, किटली लागली आणि मी झटकन इंजिन बंद केलं.

“आता आपण चहा पिऊ,” मी म्हटलं. जान्हवीने माझ्याकडे असं बघितलं की काकांचं डोकं ठिकाणावर आहे ना. पण मी मुद्दामच वीस मिनिटं काढली. परत चालू केलं. काटा पुन्हा तीनवर! परत रेस दिली, परत खाली.

“बघितलंस? इंजिन झिजलं असतं तर झोपून उठल्यावर बरं झालं असतं का? झिजलेलं बेअरिंग चहा पिऊन भरून येत नाही. हे काहीतरी वेगळं आहे. चेंबरमध्ये एक जाळी असते, तिच्यातून पंप ऑइल ओढतो. त्या चेंबरमध्ये काहीतरी पडलंय. पंप जोरात ओढायला लागला की ते जाळीला जाऊन चिकटतं आणि ऑइलची वाट बंद होते. इंजिन बंद केलं की सुटून खाली पडतं.”

“आणि ते काय असेल?”

“काय असेल म्हणजे? सिलिकॉन! बोल्टला थापलेलं सुटून आत पडलं. त्यांचंच पाप, आणि बिल माझ्या नावावर.”

मी इतक्या खात्रीने सांगितलं की पोरीने लगेच ग्रुपवर लिहूनही टाकलं, ‘उद्या दहा वाजता खरं कारण समोर येईल.’ मी तिला अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

रविवारी सोसायटीतले सात-आठ जण आले. श्यामकांत आला, आणि त्याच्यासोबत मालनकाकी. ब्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पण म्हणे घरी बसायला तयारच झाली नाही. तिला पंख्यासमोर खुर्ची दिली. मी पाया पडलो तर माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, “दोगांय म्हातारे झालास, तरी तुमची भांडणा संपणत नाय मा?”

“आज संपवतो, काकी.”

जान्हवीने मोबाइल सरळ करून व्हिडिओ सुरू केला. समोर एवढी माणसं आहेत म्हटल्यावर मलाही चेव आला. मी त्यांना शनिवारची सगळी हकीकत सांगितली. मीटर दाखवला, बोल्टचं सिलिकॉन दाखवलं. न मोजता निदान करणाऱ्यांची मी अशी काही सालटी काढली की समोरच्या इमारतीतली तिसऱ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली. या गाडीला मी गेल्या दोन वर्षांत काय काय केलं तेही तारखेनिशी सांगितलं. ब्रेक, क्लच, आणि दीड वर्षापूर्वी इंजिनवरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, गॅस्केट. तो दिवस तर मला पक्का आठवत होता, कारण त्याच दिवशी गॅरेजच्या तोंडावर टेम्पो लावणाऱ्या कुंडलिकला मी भर रस्त्यात असा झाडला होता की त्याने त्यानंतर आमच्या गल्लीत टेम्पो आणला नाही. लोक हसले. मीही हसलो, आणि पाना घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो.

ऑइल काढून घेतलं. चेंबरचे बोल्ट एकेक सोडवले, चेंबर हलक्या हाताने खाली घेतलं आणि विजेरी मारली.

सिलिकॉनचा एक कण नव्हता. बोल्टला बाहेरून थापलं होतं ते बाहेरच राहिलं होतं.

जाळीला एक चिंधी गुंडाळून बसली होती. बोटभर लांब. ऑइलने काळी पडलेली. चिमटीत धरून ओढली तशी सुटून आली. अंगठ्याने पुसली तर खालून हिरवा रंग दिसला, आणि एका कडेला तांबड्या काठाचे दोन धागे.

सर्व्हिस सेंटरमध्ये पांढरी छापील फडकी मिळतात. हिरवं लुगडं मुंबईत एकाच गॅरेजात फडकं म्हणून वापरलं जातं.

मग सगळं आठवलं. एवढं लख्ख आठवलं की वाटलं, कुणीतरी कानाजवळ येऊन सांगतंय. टॅपेट कव्हर उघडलं होतं. “गेले पाच!” असं मीच ओरडलो होतो. तेवढ्यात कुंडलिकचा टेम्पो येऊन उभा राहिला आणि मी हात पुसायचं वेगळं फडकं हातात तसंच घेऊन बाहेर धावलो. अर्धा तास भांडलो. ते फडकं त्याच्या नाकासमोर नाचवत भांडलो. परत आलो तेव्हा तोंडाने शिव्या चालूच होत्या. बोळे काढले, चार. आणि हातातलं धरून पाच झाले. “आले पाच!” कव्हर बंद.

पाचवा बोळा आतच राहिला. दीड वर्ष ऑइलच्या परतीच्या वाटेत कुठेतरी अडकून बसला आणि त्या लोकांनी औषध घालून इंजिन धुतलं तेव्हा सुटून खाली आला.

वर माणसं थांबली होती. मी ती चिंधी शर्टाच्या खिशात घातली.

हो, घातली. सांगायला लाज वाटते, पण घातली. एकतीस वर्षांचं गॅरेज, श्यामकांतने रंगवलेली पाटी, चौदा गाड्या, गॅलरीतली माणसं. मी स्वतःच पाटी उतरवायची भाषा केलेली. खड्ड्यात मी एकटाच होतो, कुणाला काय कळणार होतं! जाळी चोंदली होती, साफ केली, एवढं सांगितलं तर ते खोटंही नव्हतं. मी जाळी काढून हातात घेतली आणि वर आलो.

“सापडलं ना, काका?” जान्हवीने मोबाइल माझ्यावर धरला होता.

“जाळी चोंदली होती,” मी म्हणालो.

“म्हणजे इंजिन शाबूत?” श्यामकांतने विचारलं.

“शाबूत. एकदम शाबूत.”

श्यामकांत पुढे आला. सगळ्यांसमोर त्याने मला हात जोडले. माझ्या जन्मात त्याने असं कधी केलं नव्हतं. “सहदेव, चुकलो रे मी. तुला न विचारता नको ते लिहिलं. त्या काचेच्या दुकानात तुला परकं केलं. आत्ता लिहितो ग्रुपवर. तुझं पूर्ण नाव घालून लिहितो.” त्याचे डोळे भरले होते. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि चष्मा शोधायला लागला.

मला हेच तर हवं होतं. चार दिवस मी याच क्षणासाठी पेटून उठलो होतो. आणि आता तो समोर आला तर मला त्याच्याकडे बघवेना. मला इतका राग आला, माझाच, की वाटलं हातातली जाळी कपाळात मारून घ्यावी. मी खिशात हात घातला. चिंधी काढली आणि मालनकाकीच्या हातात ठेवली.

“काकी, हे कुणाचं ते सांग सगळ्यांना.”

काकीने ती चिंधी उजेडाकडे धरली. काठाचे धागे नखाने उलगडून बघितले. ऑइल तिच्या हातावरून मनगटाकडे ओघळलं.

“ह्या लुगडा माझा रे,” ती म्हणाली. “तुझ्या लग्नाक मी ह्याच नेसलेलंय.”

श्यामकांतने चष्मा घातला होता, तो तसाच माझ्याकडे बघत राहिला. जान्हवीने हळूच मोबाइल खाली केला.

“बंद करू नकोस!” मी ओरडलो. “वर धर. माझं तोंड दिसू दे.”

मग मी सांगितलं. पाच बोळे, कुंडलिकचा टेम्पो, हातातलं फडकं, खड्ड्यात खिशात घातलेली चिंधी, सगळं. काही शिल्लक ठेवलं नाही. सांगताना पुन्हा चिडलो, पण आता चिडायला समोर दुसरं कुणी नव्हतं. “चूक माझी आहे. सहदेव बाळकृष्ण घाडीची. मी मोजायला चुकलो. आणि त्या लोकांनी मोजलंच नाही, हे पण खरं आहे! बोटभर चिंधीसाठी ते अख्खं इंजिन फेकायला निघाले होते. चेंबर उघडून बघायला अर्धा तास लागतो, तो त्यांना नव्हता. माझं पाप मोठं आहे, म्हणून त्यांचं पुण्य होत नाही. दोन्ही टाक ग्रुपवर. काटछाट न करता.”

“काका, खरंच टाकू?”

“आत्ता टाक. मी उभा आहे इथे.”

तिने टाकलं. सात-आठ मोबाइल एकदम वाजले.

राहिलेलं काम माणसं जाईपर्यंत थांबवण्यासारखं नव्हतं. जाळी रॉकेलने धुतली, हवा मारली. चेंबर पुसून आत चारदा विजेरी मारून बघितलं. नवं गॅस्केट, तळाच्या बोल्टला तांब्याचा नवा वायसर, नवं फिल्टर, नवं ऑइल. मीटर लावून इंजिन चालू केलं. गरम झाल्यावर नुसत्या चालू इंजिनला दीड किलो, रेस दिल्यावर साडेतीन, आणि काटा तिथेच खिळल्यासारखा. अर्धा तास ठेवलं. किटली लागली नाही. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत, आणि वाजवल्या असत्या तर मी हाकलून दिलं असतं.

माणसं पांगल्यावर मी शिडी लावली. पाटीचा वरचा स्क्रू सोडवायला घेतला तर खालून शिडी हलली.

“उतर खाली,” श्यामकांत म्हणाला.

“शब्द दिलाय मी.”

“पाटी मी रंगवली आहे. मला विचारल्याशिवाय काढायची नाही.”

“तू मला विचारून मेसेज लिहिला होतास?”

“नाही लिहिला. म्हणूनच सांगतोय, उतर.” त्याच्या आवाजात राग होता, खरा राग. तो माझ्यावर चिडला होता, आणि त्याने चिडावं असंच मी वागलो होतो. तरी त्याने शिडी सोडली नाही. “खिशात का घातलंस रे, सहदेव? मला नुसतं सांगितलं असतंस तरी चाललं असतं.”

मी उतरलो. त्या दिवशीही आम्ही चहा घेतला नाही. काकीला गाडीत बसवताना तिने ती चिंधी पिशवीत टाकलेली मी बघितली, पण विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या महिन्यात चौदापैकी नऊ गाड्या आल्या. पाच आल्या नाहीत. त्यांचा मला राग नाही. सर्व्हिस सेंटरचा आहे, तो जाणार नाही. जान्हवीने त्यांना व्हिडिओ पाठवला, त्यावर उत्तर आलं की आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद. सूचना! ते ऐकून मी परत अर्धा तास बडबडत होतो.

दिवाळीला अजून दोन महिने असताना एका सकाळी श्यामकांत स्वतः गाठोडं घेऊन आला. “आईने पाठवलंय. महिनाभर गुडघे धरून बसली होती यासाठी. मला हात लावू दिला नाही.”

गाठोडं उघडलं. लुगड्यांच्या मोठ्या चिंध्या नव्हत्या. सारख्या मापाचे तळहाताएवढे तुकडे, चारही कडा दुमडून शिवलेले, म्हणजे धागा सुटायला नको. आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध तांबड्या दोऱ्याने आकडा घातलेला. दोन, तीन, चार, असे बारापर्यंत. ब्याऐंशी वर्षांच्या हाताचे ते आकडे वाकडेतिकडे होते, पण वाचता येत होते.

“एक कुठे आहे?” मी विचारलं.

श्यामकांतने खिशातून काढून दिला. ती बोटभर चिंधी होती. काकीने ती रॉकेलात घालून, साबण लावून किती वेळा धुतली असेल कोण जाणे, हिरवा रंग परत आला होता. एका पांढऱ्या तुकड्यावर ती शिवून टाकली होती, आणि खाली आकडा, एक.

“काय म्हणाली काकी?”

“सांगितलंय तसंच सांगतो,” श्यामकांत म्हणाला, आणि त्याने आईचा आवाज काढला. “‘त्येका म्हणा, आदी मोज, मगे भांड.’”

मी बाराही तुकडे टेबलावर मांडले. मोठ्याने मोजायला सुरुवात केली, आणि चारवर येऊन थांबलो. तेव्हा श्यामकांतने स्टूल ओढलं, समोर बसला, आणि पुढचे पाचपासून त्याने मोजले.